भोंग्याची सही

तुम्ही एका केस पिकलेल्या माणसाला कुकुलं बाळ ठरवलंत. लांबलचक टेबलामागे बसून, चष्मे पुसत, एकमेकांना "बरोबर ना?" असं विचारत ठरवलंत. ज्याने स्वतःच्या हातांनी घर उभं केलं, पोर शिकवली, आजारी आईला शेवटपर्यंत उचलून बसवलं-निजवलं, त्याला साधं 'हो' की 'नाही' स्वतःचं स्वतः सांगता येणार नाही, असा शोध तुमच्या समितीने लावला. आणि तो लावताना त्या माणसाला एकदा डोळ्यांनी पाहण्याची तसदीही घेतली नाहीत. कारण काय, तर त्याला ऐकू येत नाही. अहो, ऐकू तर तुम्हालाही येत नव्हतं. त्याला निदान दिसतं.

तुमचा हुकूम शुक्रवारीच आला होता. पण तो त्या घरात फुटला रविवारी दुपारी, जेवणं उरकत असताना, आणि तोही पाण्याच्या निमित्ताने.

"भावजी, पेन आणलंय ना?" वहिनीने ताटं उचलता उचलता विचारलं. नुसतं तोंडाने विचारलं. हातांत ताटं होती.

भावजींनी मान हलवली आणि खिसा चाचपला. संपलं. एवढंच झालं. पण समोर बसलेल्या ताईने टेबलाखाली लाकडी जमिनीवर टाच आपटली. त्या घरात कोणालाही हाक मारायची तर अशीच, जमिनीतून. सगळ्यांनी वर पाहिलं.

"काय बोलणं झालं?" ताईचे हात विचारत होते.

"काही नाही. पाणी हवंय का, म्हणून विचारलं वहिनीने."

"पाणी हवंय का विचारल्यावर खिसा चाचपतात?"

भावजींना घरात भोंगा म्हणत. आई, ताई आणि दादा जन्मापासून बहिरे. या धाकट्यालाच तेवढं ऐकू यायचं, आणि हा बोलायला लागला तो पुन्हा थांबलाच नाही. हातांच्या भाषेत त्याचं नाव म्हणजे हनुवटीपाशी उघडमीट करणारी चोच. अंगणापलीकडच्या कारखान्यात दादा खुर्च्या घडवी आणि भोंगा गिऱ्हाईक घडवी. दादा हातांनी म्हणे, "या माणसाला लाकडातलं काडीचंही कळत नाही, हाकल याला." भोंगा तोंडाने म्हणे, "साहेब, मिस्त्री म्हणतात तुमची पसंती काही वेगळीच आहे." सगळं आयुष्य त्याने भावाच्या बोलण्याला साखर लावून विकलं होतं. धंदा बरा चालला होता.

जेवणाचं टेबल गोल होतं. दादाने ते मुद्दाम गोल केलं होतं, म्हणजे कोणाचे हात कोणाच्या आड येणार नाहीत. त्या टेबलाचा कायदा गेलेल्या आईने घालून दिला होता: बहिरं माणूस एक जरी खोलीत असलं, तरी तोंड एकट्याने चालवायचं नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकणाऱ्यांशी बोलतानाही हात चालवायचे. या घरात तोंडात घास असताना बोललं तर चालायचं. हातात घास असताना गप्प बसावं लागायचं. भांडण लागलं की भाजी गार व्हायची.

आणि आता त्याच कायद्याची वहिनीने ताटांच्या आडून चोरी केली होती.

"शुक्रवारीसुद्धा असंच काहीतरी 'काही नाही' चाललं होतं," ताई म्हणाली. मग ती पुतणीकडे वळली. "तू कारखान्याच्या दारात उभी होतीस. फोनवर. तुझ्या बापाची पाठ होती. माझी नव्हती."

पुतणीचा चेहरा उतरला. "आत्या, मी फोनवर तोंडाने बोलत होते."

"उजव्या हातात फोन होता. डावा रिकामा होता. तुझा डावा हात फार बडबडा आहे, पोरी. लहानपणापासून."

आणि मग ताईने स्वतःच्या डाव्या हाताने पुतणीचं ते बोलणं जसंच्या तसं काढून दाखवलं. चोच. सही. बाबांना नको सांगूस. चिडतील. नंतर सांगू.

फोनच्या दुसऱ्या टोकाला आपण होतो हे आठवून भोंग्याची कानशिलं तापली. जगातली बाकीची माणसं फोनवर गुपित बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात. या पोरीने आवाज खाली आणला होता आणि हात मोकळा सोडला होता. या घरात वाढलेलं माणूसच असं पकडलं जाऊ शकतं.

दादाने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "कसली सही?"

आता सांगावंच लागलं. पुतणीच्या डॉक्टरेटचा विषयच मुळी हे घर होतं. आईने आणि तिच्या बहिणीने लहानपणी रचलेली, ताई-दादांनी वाढवलेली, पुतणी पाळण्यापासून शिकलेली हातांची भाषा. तिसऱ्या पिढीत तिचं व्याकरण कसं घट्ट होत गेलं, ते तिला दाखवायचं होतं. त्यासाठी तिने काही वर्षं घरातलं बोलणं कॅमेऱ्यात टिपलं होतं. आता परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. डॉक्टरेट इथलीच, मधलं एक वर्ष तिकडचं. बोटांची हालचाल केसाएवढ्या फरकाने मोजणारी यंत्रं तिकडे होती, आणि असल्याच एका घराच्या भाषेवर उभं आयुष्य घालवलेल्या प्राध्यापक बाई होत्या. इथे विभागात तिचं म्हणणं समजणारं एकही माणूस नव्हतं. तिचे मार्गदर्शक अजूनही 'हातवारे' म्हणायचे.

"मग?" दादाने विचारलं.

"चित्रण तिकडे न्यायला तुमची संमती लागते, बाबा. तुमची, आत्याची. आपल्या विद्यापीठाच्या समितीने कळवलंय की..." पुतणीचे हात अडखळले. "श्रवणदोष असलेल्या व्यक्तीची संमती ग्राह्य धरता येत नाही. तिच्या वतीने ऐकू येणाऱ्या नातेवाइकाने सही करायची. पालक म्हणून. उद्या बैठक आहे. उद्या सही नसेल तर ती जागा दुसऱ्या कोणालातरी जाईल."

"पालक." दादाने ती खूण सावकाश, चव घेतल्यासारखी केली. लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात, तशी ती खूण आहे. "तुझा पालक मी. आणि माझा पालक हा?" त्याने चोच उघडमीट केली. "याच्या चड्ड्या मी धुतल्यात."

"अरे दादा, कागदावरची गोष्ट आहे," भोंगा घाईघाईने म्हणाला, हातांनी आणि तोंडाने एकदम. "कागदाला काय कळतंय? मी खरडतो दोन अक्षरं, पोरगी जाते, काम होतं. उगाच मनाला लावून घ्यायचं नाही. आपण काय, असल्या लोकांना आयुष्यभर वळसा घालतच आलो ना?"

दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

त्या घरात यापेक्षा जोरात दार आपटता येत नाही.

दादाचे डोळे मिटल्याबरोबर ऐकणारी तिघं तोंडाने तुटून पडली. कायदा गेला खड्ड्यात.

"मी नाही जात," पुतणी म्हणाली. "आत्ताच कळवते त्यांना."

"गप्प बस," वहिनी म्हणाली. "काय म्हणून नाही जात? तू जागून जागून डोळे फोडून घेतलेस ते काय याच्यासाठी? भावजी, तुम्ही सही करा आणि मोकळे व्हा. यांचा राग आठवड्यात उतरेल."

"मी आणलंय पेन, वहिनी, पण आता..."

"आता काय? तुम्हीही त्यांच्याच बाजूने?"

"मी कोणाच्याच बाजूने नाही हो! मी मधे आहे. मी जन्मापासून मधेच आहे!"

"काका, ओरडू नको."

"मी ओरडत नाहीये, माझा आवाजच तसा आहे!"

ताई या तिघांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत बसली होती. आवाज नव्हता, पण दात दिसत होते. शेवटी ती उठली, दादाच्या खुर्चीपाशी गेली आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांवर हलकी फुंकर मारली. लहानपणी तो रुसला की आई मारायची तशी. दादाचं तोंड नको असताना हसलं. डोळे उघडले.

"सही करू दे याला," ताई म्हणाली.

भोंग्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. मघाशी हिनेच भांडं फोडलं होतं.

"मलाही बोलावलं होतं," ताईचे हात चालू लागले. "आठवतं? हातांनी शिकवणारी मुलींची शाळा. दुसऱ्या शहरात. मास्तरीणबाई स्वतः घरी आल्या होत्या. वडील म्हणाले, बहिरी पोरगी एकटी कशी राहील? झालं. मी दाराशी उभी होते आणि बाईंची पाठमोरी छत्री लांब जाताना बघत होते. मला कळलंसुद्धा नाही त्या कशाला आल्या होत्या. पुढे कितीतरी वर्षांनी आईने सांगितलं." तिने हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले. "आपण अपमान ढिगाने गिळलेत. अजून एक गिळू. पोर जाऊ दे."

"तुला कोणी विचारलं नाही, म्हणून तुझी शाळा गेली," दादा म्हणाला. "आणि आता मला न विचारता हिचं होऊ दे, असं तूच म्हणतेस?"

ताईने नाकावरचा चष्मा काढला  आणि पदराने पुसायला घेतला.

वहिनी पुढे झाली. ताटं तिने धाडकन खाली ठेवली, म्हणजे हात मोकळे झाले. "तुमचा मान मोठा की तिचं वर्ष मोठं? एवढंच सांगा. ती परत येईल तेव्हा तुमचा मान इथेच असेल. तिची जागा नसेल."

"मी 'जाऊ नकोस' म्हणालो?" दादाने विचारलं. "कोणत्या हाताने म्हणालो? दाखव."

वहिनीने मुलीकडे पाहिलं.

"समितीने मला विचारलं नाही, ते मी समजू शकतो. त्यांना हात येत नाहीत. तुम्हाला येतात." त्याने टेबलाभोवती बोट फिरवलं, बायकोवरून मुलीवर, मुलीवरून भावावर. "तुम्ही तिघांनी माझ्या पाठीला विचारलंत. पाठ काय सांगणार?"

 

मग दादाने मुलीसमोरची खुर्ची ओढली आणि तिच्या समोर बसला. "आता विचार."

पुतणीने डोळे पुसले. तिने विचारायला सुरुवात केली, आणि भोंग्याला पहिल्यांदा कळलं की विचारणं म्हणजे काय लांबलचक काम असतं. चित्रण कोण बघेल? कुठे ठेवतील? नावं सांगतील का? दादा खोदून खोदून विचारत होता, जसं लाकूड घेताना विचारायचा.

"त्या बाईंना आपलं बोलणं कळेल?"

"शिकतील. त्या स्वतः बहिऱ्या आहेत, बाबा."

दादाचे हात हवेतच राहिले. ताईने चष्मा पुसायचा सोडून पुन्हा नाकावर चढवला. "प्राध्यापक? बहिरी?"

"हो."

"ती सही करते?" दादाने विचारलं.

"दुसऱ्यांच्या प्रबंधांवर करतात. त्यांच्या सहीशिवाय तिथे कोणाला डॉक्टरेट मिळत नाही."

दादा हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताईने भोंग्याच्या पाठीत धपाटा घातला, जसा काही सगळा दोष त्याचाच. भोंगाही हसला. वहिनी तेवढी हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

"मला घे," दादा म्हणाला. "माझं सगळं घे. ते मी ट्रकवाल्याला शिव्या देतो तेही घे, तिकडच्यांना काही शिकायला मिळेल. एक सोडून. आईचं शेवटचं वर्ष न्यायचं नाही."

पुतणी एकदम सरळ झाली. "बाबा, त्यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. म्हातारपणी हातांचं बोलणं कसं बदलतं... तसं चित्रण जगात कोणाकडे नाही."

"तिचे हात थरथरत होते. तिला शब्द सापडत नव्हते. ती माझ्याकडे बघून रडायची, सांगता येत नाही म्हणून. ती तशी बोलत नव्हती कधी. परक्या देशात, मोठ्या पडद्यावर, लोकांनी तिला तशी बघायची नाही."

"मी तिचं तोंड झाकेन."

"हात झाकशील?"

  भोंग्याला पुतणी आजीच्या उशाशी कॅमेरा धरून बसलेली आठवली. तिने ते वर्षच्या वर्ष त्या खोलीत काढलं होतं. शेवटी तिने मान हलवली. "नाही नेणार. ते प्रकरण काढून टाकते." तिचे हात स्वच्छ बोलत होते.

भोंग्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. आपण दोन अक्षरं खरडली असती, तर आई तशीच पडद्यावर गेली असती. थरथरत्या हातांनी, अडखळत. आणि दादाला ते कधी कळलंही नसतं. आपण तर वाचायचीही तसदी घेणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दादा, भोंगा आणि पुतणी अशी तिघं विद्यापीठात गेली. बैठकीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दादाने भोंग्याचा गुडघा दाबला.

"आज साखर घालायची नाही."

"थोडीसुद्धा नाही?"

"मी जेवढं बोलेन तेवढंच. मी शिवी दिली तर शिवी."

"देणार आहेस?"

"बघू."

आत टेबल लांबलचक होतं आणि समितीच्या पाठीशी खिडकी होती. उजेड मागून येत होता. सगळे चेहरे काळे. दादाने खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि सरळ अध्यक्षांच्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून बसला. अध्यक्ष दचकून सरकले. पुतणी भिंतीशी उभी राहिली. भोंगा समोर राहिला, जिथून दादाचे हात दिसतील.

"काय झालंय, यांना जरा समजावून सांगा," अध्यक्ष भोंग्याला म्हणाले. "हा नियम यांच्याच संरक्षणासाठी आहे. यांचा कोणी गैरफायदा घेऊ नये म्हणून. आमच्या मनात काही नाही."

"त्यांच्याकडे बघून बोला, साहेब. ते तुमच्या शेजारीच बसलेत."

"हो, हो. पण तुम्ही त्यांचे बंधू ना? मग तुम्हीच सही करून टाका. मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान कशाला?" त्यांनी कागद भोंग्याकडे सरकवला. पेनही ठेवलं. हसून ठेवलं. माणूस वाईट नव्हता. अशीच माणसं फार नुकसान करतात.

भोंगा कागदाकडे बघत राहिला. दोन अक्षरं. पोरगी जाईल. त्याने भिंतीशी उभ्या पुतणीकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती, पण तिने मान हलवली: नाही. भोंग्याने कागद उचलला, टेबलावरून वाकून दादापुढे ठेवला आणि पुन्हा आपल्या जागी बसला.

दादाने हात वर घेतले.

"मी बहिरा आहे," भोंगा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण त्यात गोडवा नव्हता. तो स्वतःलाच अनोळखी वाटला. "मी खुळा नाही."

"म्हणजे यांचं म्हणणं असं की..." एक सदस्य बाई सुरू झाल्या.

"यांचं नाही. माझं." दादाचे हात चालले होते आणि भोंगा त्यांच्या मागोमाग, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. "माझ्या मुलीने मला विचारलं. मी तिला काही दिलं आणि काही दिलं नाही. माझ्या आईचं शेवटचं वर्ष मी दिलं नाही. ती रडली, पण तिने ते सोडलं. तुमच्या कागदावर हे लिहायला जागा नाही. 'हो' म्हणणारा बहिरा तुम्हाला लागतच नव्हता, आणि 'नाही' म्हणणारा तर तुम्ही धरलाच नव्हता. माझ्या भावाने काल सही केली असती तर माझ्या आईची विटंबना झाली असती, आणि तुमच्या दप्तरी लिहिलं असतं की माझं संरक्षण झालं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, भावना आम्ही समजू शकतो, पण नियम..."

ते पुन्हा भोंग्याकडेच बघत होते. दादाने टाच आपटली. ही जमीन दगडी होती, जमिनीतून काही गेलं नाही. मग त्याने टेबलावर तळहात मारला. पाण्याचे ग्लास हलले. अध्यक्षांची मान वळली, आणि आता दोघांचे डोळे एकमेकांत होते, हातभर अंतरावर.

दादाने पेन उचललं. पालकासाठी आखलेल्या रेघेखाली, कोऱ्या जागेत, त्याने स्वतःचं नाव लिहिलं. घाई न करता, अक्षर न् अक्षर. पेन ठेवलं. मग हात उचलले, आणि भोंग्याने आवाज दिला:

"ही माझी सही. चालते की नाही चालत? चालत नसेल तर का नाही, ते सांगा. आणि माझी मुलगी जाणार आहे की नाही, तेही सांगा. आत्ता सांगा. त्याच्याकडे बघू नका, तो नुसता भोंगा आहे. माझ्याकडे बघून सांगा."